खुंटाळे मारण्याआधी घरधनिणीचे माप घ्या



वखराचे रुमणे किती उंच असावे, हे आपण वखर हाकणाऱ्याकडे पाहून ठरवतो. विळा घेताना मूठ पंजात नीट बसते की नाही, ते बाजारातच हातात धरून पाहतो. जू करवून घेताना बैलाची मान पाहतो. पण ज्या घरात दिवसातून दोनदा चूल पेटते, त्या घरात झारा, सराटा, डाव, पळी आणि सांडशी कुठे टांगावी व किती उंचीवर टांगावी, हे मात्र कोणी मोजत नाही. भिंतीत जिथे जुना खिळा सापडला तिथे झारा, खिडकीच्या गजाला चिमटा आणि उरलेले सगळे एका डब्यात उभे. मग इकडे फोडणी करपायला लागते आणि घरची बाई डब्यात हात घालून सराटा शोधत बसते.

म्हणून आज बियाणे आणि फवारणी बाजूला ठेवून मी खुंटाळ्यावर लिहीत आहे. खुंटाळे म्हणजे ओळीने खुंट्या बसवलेली फळी. कपड्यांसाठी ती आपल्याकडे पूर्वीपासून आहे. तीच स्वयंपाकघरात बसवली, तर ओटा मोकळा राहतो, भांडी निथळून कोरडी होतात आणि हवी ती वस्तू हाताशी येते. काम सुताराच्या अर्ध्या दिवसाचे आहे. पण चुकले तर काय होते, ते आधी माझ्याच घरचे सांगतो.

माझ्या हातून झालेली चूक

नागपूरला आम्ही घर बांधले, तेव्हा मी हौसेने सागवानाची फळी आणली, तिला आठ खुंट्या बसवल्या आणि शेगडीच्या बरोबर मागच्या भिंतीवर ती ठोकली. माझी उंची ५ फूट ८ इंच. मी उभा राहिलो, हात वर केला, जिथे तो सहज पोचला तिथे पेन्सिलीने खूण केली. खुंट्या जमिनीपासून ६८ इंचांवर आल्या. आमच्या सौ.ची उंची ५ फूट. ती बाजूलाच उभी होती, पण तिला खूण करायला सांगावे हे माझ्या डोक्यातही आले नाही.

चार महिने ती टाचा उंचावून झारा काढत राहिली. दिवाळीच्या फराळाच्या वेळी कढईत तेल तापलेले, शेगडी पेटलेली आणि झारा पलीकडच्या भिंतीवर. तिने वाकून हात लांबवला, पदर पुढे आला आणि त्याच्या काठाने पेट घेतला. तिने प्रसंगावधान राखून पदर झटकन खाली सोडला आणि बाजूच्या बादलीतले पाणी त्यावर ओतले, म्हणून निभावले. पदर गेला, हात वाचला. तेलाची कढई कलंडली असती तर आज हा लेख लिहिण्याचा धीर मला झाला नसता.

त्याच दिवशी मी फळी उतरवली, तर दुसरी चूक दिसली. स्क्रू होते २ इंचांचे. फळी १ इंच जाड, गिलावा पाऊण इंच. म्हणजे विटेत स्क्रूचे फक्त पाव इंच टोक शिरलेले. सगळा भार गिलाव्यावर होता. ती फळी आज ना उद्या पडणारच होती.

“उंच पडतंय हे आधी का नाही सांगितलंस?” असे मी विचारले. ती म्हणाली, “तुम्ही एवढ्या हौसेनं लावलं होतं.”

बंधूंनो, हे उत्तर आपल्या पुष्कळ घरांत मिळेल. म्हणून आधीच विचारा.

माप कसे घ्यावे

स्वयंपाक करणाऱ्या बाईला रोजच्या जागी, रोजच्यासारखे अनवाणी उभे करा. पायाखाली पाट नको. कोपरापासून डोळ्यांपर्यंतचा जो पट्टा, तोच हाताच्या सोयीचा. त्याच्या वर हात नेला की खांदा दुखतो, खाली नेला की कंबर वाकते. खुंट्या तिच्या डोळ्यांच्या रेषेत किंवा त्याच्या किंचित खाली असाव्यात. ५ फूट उंचीच्या बाईसाठी ही रेषा जमिनीपासून साधारण ५४ ते ५५ इंचांवर येते. झारा १३-१४ इंच लांब धरला, तर त्याचे टोक ४१ इंचांच्या आसपास लोंबते आणि ३३ इंच उंचीच्या ओट्यावर खाली वीतभर जागा मोकळी राहते.

घरात सासू आणि सून दोघी स्वयंपाक करीत असतील, तर जी ठेंगणी असेल तिचे माप धरा. उंच बाईला हात थोडा खाली आणणे जड जात नाही, ठेंगण्या बाईला मात्र रोज टाचा उंचवाव्या लागतात.

खाली बसून चुलीवर स्वयंपाक होत असेल, तर माप बसूनच घ्या. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून पुष्कळ घरांत गॅस आला, शेगडी ओट्यावर गेली, पण भिंतीतल्या खुंट्या जुन्या बैठ्या चुलीच्या मापाच्याच राहिल्या. काही घरांत याच्या उलट झाले आहे. शेगडी वर आहे आणि भाकरी अजून खाली चुलीवर होते. अशा घरात दोन लहान खुंटाळी करा. खालच्या खुंटाळ्याला लेकरांचा हात पोचतो, म्हणून तिथे फक्त लाकडी डाव, चाळणी, लाटणे असे निरुपद्रवी सामान ठेवा. विळी आणि सुरी कोणत्याच खुंटाळ्यावर उघडी टांगू नका.

जागा कोणती

शेगडीच्या किंवा चुलीच्या मागे आणि वर खुंटाळे कधीही नको. जाळावरून हात न्यावा लागेल अशी जागा सोडूनच द्या. शेगडीच्या कडेपासून निदान दीड फूट बाजूला, आणि ज्या हाताने ती काम करते त्या हाताला जागा निवडा. डावखुरी असेल तर डावीकडे. बाजूला असण्याचा आणखी एक फायदा म्हणजे फोडणीची वाफ आणि चुलीची काजळी टांगलेल्या भांड्यांवर कमी बसते. दाराच्या झडपेमागे किंवा येण्याजाण्याच्या वाटेवरही खुंट्या नकोत. अंधारात कोणाच्या तरी डोळ्याला लागतील.

भिंत ओळखा

खुंटाळे किती भार पेलेल, ते फळीपेक्षा भिंतीवर जास्त अवलंबून असते. नागपूरच्या आसपास काळी जमीन फार. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा शेतात ज्या भेगा पडतात, तसाच ताण घराच्या पायाखालीही असतो. म्हणून काळ्या मातीवरच्या भिंतींना तिरप्या भेगा पडतात. भेगेच्या जवळ वीतभर अंतरात छिद्र पाडू नका.

सिमेंटात बांधलेली विटांची भिंत उत्तम. बोटाने ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर गिलावा सुटलेला आहे, ती जागा सोडा. छिद्र विटेत पाडा, दोन विटांच्या सांध्यात नको. ड्रिल करताना आधी पांढरी पूड येते ती गिलाव्याची, मग लाल येते ती विटेची. लाल पूड सुरू झाल्यानंतर पावणेदोन इंच आत जा. त्यात प्लास्टिकची गिट्टी पूर्ण बसवा आणि मग स्क्रू फिरवा. पाऊण इंच फळी, पाव इंच मागचा गुटका, पाऊण इंच गिलावा, हे झाले पावणेदोन इंच. म्हणून स्क्रू साडेतीन इंचांचा हवा. माझ्या २ इंची स्क्रूचा हिशेब आठवा. आणि भिंतीतून विजेची तार किंवा नळ कुठून गेला आहे, ते ड्रिल लावण्याआधी पाहा.

मातीच्या भिंतीत स्क्रू टिकत नाही. जुन्या लोकांनी भिंत चढवतानाच लांब खुंटी आत पुरली, ती याचसाठी. तयार भिंतीत नवी खुंटी ठोकली तर ती पहिल्याच पावसाळ्यात सैल होते. अशा घरात भिंतीवर भार टाकूच नये. बांबूचे किंवा लाकडाचे दोन दांडे भिंतीला लागून उभे करा, खालचे टोक जमिनीवर चपट्या दगडावर टेकवा, वरचे टोक छपराच्या आडव्या बल्लीला घट्ट बांधा आणि या दोन दांड्यांना खुंटाळ्याची फळी जोडा. भार दगडावरून जमिनीत जातो, भिंत फक्त पाठीशी असते.

फळी आणि खुंट्या

खरेदीआधी घरातली सगळी टांगायची भांडी जमिनीवर जुन्या वर्तमानपत्रावर ओळीने मांडा. दोन भांड्यांत दोन बोटांचे अंतर ठेवा. झाऱ्याला सहा इंच जागा लागते, पळीला तीन-चार इंच पुरते. बहुतेक घरांत आठ वस्तूंना ३ फूट लांबीची फळी पुरते. रोज लागत नाही ते खुंटाळ्यावर नको. पुरणयंत्र आणि शेवेचा सोऱ्या फडताळातच बरा.

फळी ४ इंच रुंद, पाऊण इंच जाड. सागवान मिळाले तर उत्तम, तो ओल सोसतो. तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल करणाऱ्या सुताराकडे सागवानाचे लहान तुकडे उरतात, त्यांतून खुंट्या निघतात. खुंटी भिंतीपासून ३ इंचच पुढे यावी आणि तिचे तोंड किंचित वर उचललेले असावे, म्हणजे भांडे घसरत नाही.

लांब खुंटीचा मोह टाळा. पहारीने दगड उचलताना दांडा जितका लांब, तितका दगडावर जोर जास्त पडतो, तोच नियम इथे आपल्याविरुद्ध जातो. समजा, सगळ्या भांड्यांचे वजन ८ किलो आहे आणि स्क्रू फळीच्या खालच्या कडेपासून ३ इंच वर आहेत. भांडी भिंतीपासून ३ इंचांवर टांगली, तर स्क्रू बाहेर ओढणारा जोर साधारण ८ किलोचा. तीच भांडी ६ इंचांवर टांगली, तर जोर १६ किलोचा. वजन तेच, पण ओढ दुप्पट. स्क्रू तीन लावा, दोन कडांना आणि एक मध्ये. तवा व कढई स्क्रूच्या जवळच्या खुंट्यांवर ठेवा.

फळी आणि भिंत यांच्यामध्ये पाव इंचाचे गुटके जरूर ठेवा. पावसाळ्यात भिंत ओल धरते. फळी तिला चिकटून असली की मागे बुरशी येते आणि झुरळांना घर मिळते.

गडचिरोली-चंद्रपूरचा बांबू वापरायचा असेल, तर कापलेला हिरवा बांबू तीन-चार आठवडे पाण्यात बुडवून ठेवा आणि मग सावलीत वाळवा. पाण्याने त्यातला पिठूळ अंश निघून जातो आणि पोखरणारे भुंगेरे कमी लागतात. तयार स्टीलचा दांडा आणि एस आकाराचे आकडे इतवारीत मिळतात. तेही चांगले, पण माप आणि भिंत यांचे नियम त्यांनाही तेच.

भांडी टांगण्याआधी पुसून घ्या. लोखंडी तव्यावर पावसाळ्यात तेलाचा हात फिरवा. भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांचा लौकिक जुना आहे. तिथली पळी किंवा झारा घरात असेल, तर तो ओला असताना लोखंडी आकड्याला लावू नका. ओल्या पितळेच्या संगतीने लोखंड लवकर गंजते आणि भांड्यावर डाग उतरतो. लाकडी खुंटीला हा त्रास नाही.

दूरदेशीचा एक दाखला

अमेरिकेत ज्यूलिया चाइल्ड नावाची पाककलेवर लिहिणारी प्रसिद्ध बाई होऊन गेली. तिची उंची ६ फूट २ इंच. १९६१ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज गावी तिच्या नवऱ्याने, पॉल चाइल्डने, तिचे स्वयंपाकघर आखले. तिकडे ओटा साधारण ३६ इंच उंच असतो, त्याने तो ३८ इंच केला. भिंतीवर छिद्रांची फळी लावून प्रत्येक भांड्याची बाह्यरेषा तिच्यावर काढली, म्हणजे कोणते भांडे कुठे परत ठेवायचे ते कोणालाही कळावे. ते स्वयंपाकघर आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात लोक पाहायला जातात.

त्या भिंतीवरची भांडी आपल्या कामाची नाहीत, पण दोन गोष्टी उचलण्याजोग्या आहेत. नवऱ्याने बायकोचे माप घेतले, ही पहिली. दुसरी ती रेषा. खुंटाळ्यामागच्या भिंतीवर खडूने किंवा रंगाने झारा, सराटा, पळी यांचे आकार काढून ठेवा. मग भांडी घासणारी मुलगी असो, मुलगा असो की स्वतः घरधनी असो, ‘हे कुठे ठेवू?’ असे विचारावे लागत नाही. भांडी जागेवर ठेवणे हे एकट्या बाईचे काम राहत नाही.

शेवटची परीक्षा

फळी बसली की लगेच भांडी टांगू नका. भांड्यांच्या वजनाच्या दुप्पट, म्हणजे १५-१६ किलो रेती दोन पिशव्यांत भरून खुंट्यांना एक रात्र टांगून ठेवा. खाली कोणी झोपणार नाही एवढे पाहा. सकाळी फळीच्या वरच्या कडेला भिंतीपासून फट वाढली नसेल, तर काम पक्के.

त्यानंतर वर्षातून दोनदा तपासा. मृग लागण्याआधी आपण छप्पर पाहतो तेव्हा एकदा, आणि पोळा झाल्यावर भिंती ओलावलेल्या असतात तेव्हा एकदा. उन्हाळ्यात लाकूड आकसते, पावसात फुगते, त्यात स्क्रू सैल होतात. पेचकस घेऊन पाव फेरा आवळायला पाच मिनिटे पुरतात.

आमच्या घरी आता खुंटाळे शेगडीच्या उजव्या हाताला, ५४ इंचांवर आहे. भिंतीवरची खूण या वेळी सौ.ने केली, ड्रिल मी धरले. मी चहा करायला गेलो की गाळणी काढताना मला किंचित वाकावे लागते. तेवढे वाकायला माझी हरकत नाही.