लोकनिर्वाचित शिक्षणाधीक्षक : विल्सन राइल्स यांची कारकीर्द

शिक्षणखात्याचा प्रमुख मतदारांनी थेट निवडावा, ही पद्धती आपल्याकडे अपरिचित आहे. येथे शिक्षणमंत्री विधिमंडळास उत्तरदायी असतो आणि शिक्षणसंचालक हा शासनाचा सेवक. अमेरिकेच्या काही घटकराज्यांत मात्र सार्वजनिक शिक्षणाचा अधीक्षक लोकमताने निवडला जातो. कॅलिफोर्नियात १८४९ च्या राज्यघटनेपासून ही प्रथा आहे. निवडणूक पक्षनिरपेक्ष असून मुदत चार वर्षांची असते. परंतु धोरण ठरविणाऱ्या राज्य शिक्षणमंडळाचे सभासद राज्यपाल नेमतात आणि द्रव्य विधिमंडळाच्या हाती राहते. लोकांचा कौल एकाकडे व सत्तेची साधने दुसऱ्यांकडे, अशी ही विलक्षण रचना होय. विल्सन राइल्स यांच्या कारकीर्दीत तिचे बळ आणि तिचा दुबळेपणा, दोन्ही दिसून येतात.

राइल्स यांचा जन्म १९१७ साली लुइझियानातील एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. बालपणीच ते पोरके झाले. ॲरिझोनात शिक्षण व अध्यापन केल्यावर १९५८ मध्ये ते कॅलिफोर्नियाच्या शिक्षणखात्यात आले. दरिद्री वस्त्यांतील मुलांसाठी असलेल्या पूरक शिक्षणाचा विभाग त्यांनी सांभाळला. त्या वेळचे अधीक्षक मॅक्स रॅफर्टी हे पुरोगामी शिक्षणपद्धतीवर तुटून पडणारे फर्डे वक्ते होते. १९७० साली राइल्स यांनी आपल्या या वरिष्ठासच निवडणुकीत पराभूत केले. कॅलिफोर्नियात राज्यव्यापी पदावर निवडून आलेले ते पहिले कृष्णवर्णीय.

त्यांचे मुख्य कार्य म्हणजे प्राथमिक शाळेच्या पहिल्या वर्षांची पुनर्रचना. बालवर्गापासून तिसऱ्या इयत्तेपर्यंत प्रत्येक मुलाकडे स्वतंत्र लक्ष आणि पालकांचा प्रत्यक्ष सहभाग, ही या योजनेची सूत्रे होती. तिचा कायदा १९७२ मध्ये संमत झाला. खर्चाबाबत हात आखडणाऱ्या राज्यपाल रेगन यांची त्यावर स्वाक्षरी मिळाली, यात राइल्स यांचे राजकीय कौशल्य दिसते.

याच काळात एक विपरीत प्रसंग घडला. बुद्धिमापन कसोट्यांच्या आधारे कृष्णवर्णीय मुलांना मोठ्या प्रमाणात मंदबुद्धींच्या वर्गांत घातले जात असे. त्याविरुद्धच्या खटल्यात खातेप्रमुख या नात्याने प्रतिवादी म्हणून राइल्स यांचेच नाव लागले; ‘लॅरी पी. विरुद्ध राइल्स’ या नावानेच तो ओळखला जातो. १९७९ साली न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. ज्या मुलांच्या हितासाठी राइल्स यांनी आयुष्य वेचले, त्यांच्याच विरुद्ध पक्षात पदाने त्यांना उभे केले. पदाबरोबर खात्याच्या जुन्या रूढीही वारशाने येतात, हे येथे विसरता येत नाही.

१९७८ च्या तेराव्या प्रस्तावाने मालमत्तेवरील कर किमतीच्या एक टक्क्यावर रोखला गेला. शाळांच्या द्रव्याचा प्रश्न स्थानिक संस्थांकडून राजधानीकडे सरकला. तथापि त्या खजिन्याच्या किल्ल्या अधीक्षकाकडे नव्हत्या. जाब मात्र मतदार त्यालाच विचारणार! १९८२ साली बिल होनिग यांनी कडक अभ्यासक्रमाचा पुरस्कार करून, तीन वेळा निवडून आलेल्या राइल्स यांचा पराभव केला.

पुढे होनिग यांचाच राज्य शिक्षणमंडळाशी अधिकारावरून तंटा झाला. धोरण ठरविण्याचा अधिकार नियुक्त मंडळाचा आहे, लोकनिर्वाचित अधीक्षकाचा नव्हे, असा निर्णय राज्याच्या अपील न्यायालयाने १९९३ साली दिला.