फितीची जोडणी: एका लहानशा यंत्रभागाचा विचार

घरांतील एखादें यंत्र बंद पडलें म्हणजे त्याचें काळीजच निकामी झालें, असें आपण गृहीत धरतों. वजनकांट्यावरचे आंकडे अर्धवट दिसूं लागले, कॅमेऱ्याचा पडदा काळा पडला, छपाईचें यंत्र ओळीच्या मध्येंच अडूं लागलें, कीं "आंतलें सर्किट गेलें" हा निकाल घरांतल्या घरांत लागतो आणि ती वस्तु माळ्यावर जाऊन पडते. वास्तविक पुष्कळदां सर्किट शाबूत असतें. तुटलेली असते ती दोन शाबूत भागांमधली जोडणी. तपकिरी-सोनेरी रंगाची एक पातळ फीत सर्किट-बोर्डाला जेथें येऊन मिळते, तेथें तांदळाच्या दाण्याएवढ्या जाडीचा एक प्लॅस्टिकचा जबडा असतो आणि त्या जबड्याचें झांकण मोडलेलें असतें. दुरुस्तीच्या दुकानांत या फितीला 'फ्लेक्स' म्हणतात आणि झांकणाला 'लॉक'. लॉक मोडलें कीं फीत सुटते, आणि हजारों रुपयांची वस्तु कांहीं रुपयांच्या तुकड्यापायीं निरुपयोगी होते. ही जोडणी अधिक साधी करतां येणार नाहीं काय, असा प्रश्न कोणाही विचारी माणसास पडावा. त्याचें उत्तर वाटतें तितकें सरळ नाहीं. परंतु तें समजून घेण्यास विद्युच्छास्त्राची पदवी लागत नाहीं.

तारांची जुडी सोडून सपाट फीत वापरण्याची कल्पना बरीच जुनी आहे. आल्बर्ट हॅन्सन यानें १९०३ सालीं जें ब्रिटिश पेटंट घेतलें, त्यांत धातूच्या पातळ पट्ट्या मेणकागदावर चिकटवून टेलिफोनच्या जोडण्या करण्याची युक्ति सांगितलेली आहे. पुढें व्हिएन्नाहून लंडनला गेलेल्या पॉल आयस्लर यानें १९३६ सालीं छापील मंडलाचा रेडिओ तयार केला, आणि आजच्या सर्किट-बोर्डाचा पाया घातला गेला. १९६० नंतरच्या दशकांत पॉलिइमाइड हें उष्णता सोसणारें प्लॅस्टिक प्रचारांत आलें. फितीचा सोनेरी रंग त्याचाच. या फितीवरील तांब्याचा थर बहुधा १८ किंवा ३५ मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे आपल्या केसाच्या निम्म्याएवढा वा त्याहूनही पातळ. म्हणूनच ती हजारों वेळां वांकली तरी तुटत नाहीं, आणि छपाईयंत्राच्या धांवत्या डोक्याला किंवा मिटत्या झांकणाच्या संगणकाला तिच्यावांचून गत्यंतर नाहीं.

आतां ही फीत बोर्डाला जोडावयाची कशी? सर्वांत सरळ मार्ग म्हणजे डाख देऊन कायमची चिकटविणें. पण मग ती काढतां येत नाहीं. काढतां-घालतां यावी असें म्हटलें कीं सारा प्रश्न एका गोष्टीवर येऊन ठेपतो, आणि ती गोष्ट म्हणजे दाब.

दोन धातू एकमेकांना टेकले म्हणजे त्यांतून वीज वाहूं लागते, असा आपला समज असतो. तो अर्धाच खरा आहे. नुकतीच टांकी लावलेल्या जात्याचे दोन दगड एकमेकांवर ठेवले तर ते सगळीकडे भिडत नाहींत; वर आलेले मोजके कण तेवढे एकमेकांना टेकतात. धातूचा पृष्ठभाग डोळ्यांना कितीही गुळगुळीत दिसला तरी सूक्ष्मदर्शकाखालीं तो जात्याच्या दगडासारखाच दिसतो. स्वीडिश पदार्थशास्त्रज्ञ राग्नार होल्म यानें आपल्या आयुष्याचा मोठा भाग याच विषयास वाहिला. विजेचा सारा प्रवाह अशा थोड्याशा ठिपक्यांतूनच जातो आणि ते ठिपके किती व केवढे, हें मुख्यतः दाबावर अवलंबून असतें, ही गोष्ट त्याच्या संशोधनानें शास्त्रीय पायावर उभी राहिली. त्यांतही ज्या धातूवर हवेनें गंजाचें पातळ कवच चढतें, त्याचें कवच फोडण्यास अधिक दाब लागतो. सोन्याला गंज चढत नाहीं, म्हणून तें थोड्या दाबावर भागवून घेतें. कथील स्वस्त, पण त्याच्यावर कवच हटकून येतें; कथलाच्या प्रत्येक स्पर्शबिंदूवर निदान १०० ग्रॅमचा दाब असावा, असा या धंद्यांतील जुना दंडक आहे.

या दंडकाचा हिशेब करून पाहावा. इंग्लंडांतील केंब्रिज येथून २०१२ सालीं निघालेला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आज कित्येक शाळा-महाविद्यालयांतील मुलांच्या हातीं आहे. त्याला २०१३ पासून कॅमेरा जोडतां येतो, आणि ती जोडणी १५ पट्ट्यांच्या एका फितीनें होते. पट्ट्यांमधील अंतर १ मिलिमीटर. दर पट्टीमागें १०० ग्रॅम धरले तर सगळा दाब दीड किलो झाला. एवढ्या दाबाखालीं फीत ढकलीत न्यावयाची म्हणजे, घर्षणाचा गुणक ०.३ धरला, तरी सुमारें अर्ध्या किलोचा जोर लावावा लागेल. ज्या फितीची टोंकाकडील जाडी पुठ्ठ्याचा आधार देऊनही ०.३ मिलिमीटरच्या आसपास असते, तिला एवढ्या जोरानें ढकललें तर ती आंत न जातां मुडपून वर येईल. म्हणून लॉकाची योजना झाली. आधीं फीत बिनजोराची आंत सरकवावी, मग झांकण मिटावें, म्हणजे दाब त्यानंतर पडेल. कल्पना खरोखर सुरेख आहे. दोष एवढाच, कीं दीड किलोचा हा भार जें झांकण पेलतें, तें नखानें उघडण्याइतकें नाजूक केलेलें असतें. अशा जबड्यांच्या माहितीपत्रकांत ते किती वेळां उघडावे-मिटावे याचा आंकडा दिलेला असतो. तो पुष्कळदां १०, २० किंवा ३० असा असतो. स्वयंपाकघरांतल्या एखाद्या डब्याचें झांकण वीस वेळांच उघडतां येतें असें सांगितलें, तर आपण तो डबा विकत घेऊं काय?

ओघानेंच सांगावयास हवें, कीं या लॉकाचे दोन प्रकार असतात. एक ओढून पुढें येणारें, दुसरें बिजागरीवर वर उचलणारें. जें उचलावयाचें तें ओढलें आणि जें ओढावयाचें तें उचललें, यामुळें जेवढीं लॉकें मोडतात, तेवढीं जुनीं झाल्यामुळें मोडत नसावींत. उघडण्यापूर्वीं भिंग लावून पाहावें आणि दोन्ही टोंकांना सारखाच, हलका जोर द्यावा.

यापेक्षां साधी जोडणी करावयाची झाल्यास कोणते मार्ग आहेत?

एक मार्ग चिकटविण्याचा. सूक्ष्म धातुकण मिसळलेला गोंदाचा पातळ पापुद्रा फीत आणि कांच यांच्यामध्यें ठेवून उष्णता व दाब दिला, म्हणजे वीज वरून खालीं जाते, पण शेजारच्या पट्टीकडे जात नाहीं. आपल्या मोबाईलच्या पडद्याची फीत बहुधा अशीच बसविलेली असते. कारखान्याच्या दृष्टीनें याहून साधें कांहीं नाहीं. जबडा नाहीं, लॉक नाहीं, सुटा भागच नाहीं. परंतु ती फीत एकदां निघाली कीं सामान्य दुरुस्तीवाल्याच्या हातून पुन्हां बसणें कठीण. येथें 'साधी' या शब्दाचा अर्थच बदलतो. करणाऱ्याला जें साधें, तें वापरणाऱ्याला साधें असेलच असें नाहीं, आणि आमच्या मतें या साऱ्या प्रश्नाचा कांटा येथें आहे.

दुसरा मार्ग रबराचा. घरांत एखादा जुना कॅल्क्युलेटर असेल, तर त्याचा आंकड्यांचा पडदा आणि खालचा बोर्ड यांच्यामध्यें एक काळी-पांढरी पट्टी सांपडेल. तिला कारागीर 'झेब्रा' म्हणतात. वीज वाहूं देणारें काळें रबर आणि न वाहूं देणारें पांढरें रबर यांचे अति बारीक थर त्यांत आळीपाळीनें रचलेले असतात. बोर्डावरच्या एकेका पट्टीखालीं अनेक काळे थर येत असल्यामुळें ती नेमकी बसविण्याची दगदग नसते. डाख नाहीं कीं लॉक नाहीं. दोन-चार स्क्रूंनीं दाबून धरली कीं झालें. मात्र तिच्यांतून अगदींच अल्प प्रवाह जाऊं शकतो. आंकडे दाखविण्यास तो पुरतो, चाक फिरविण्यास पुरत नाहीं.

तिसरा मार्ग आम्हांस सर्वांत उद्बोधक वाटतो. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीनें १९८४ सालीं 'थिंकजेट' नांवाचें शाईचे थेंब उडवून छापणारें यंत्र बाजारांत आणलें. त्यांतील शाईची डबी आणि छापणारें डोकें हे एकच असून शाई संपली कीं तें सारें काढून नवें घालावयाचें होतें; म्हणजे ही जोडणी तंत्रज्ञानें नव्हे, तर कचेरींतील कारकुनानें किंवा घरांतील कोणीही करावयाची होती. तेथें नाजूक लॉक चालण्यासारखें नव्हतें. म्हणून तेथील अभियंत्यांनीं फितीवरच बारीक उंचवटे उठविले आणि मागें रबर ठेविलें. डबी आपल्या जागीं बसवून दाबली, कीं उंचवटे तिच्या सोनेरी ठिपक्यांवर टेकतात. चोळीच्या टिचबटणाइतकी सोपी क्रिया. पुढच्या यंत्रांसाठीं याच कंपनीनें जी सुधारणा योजिली, तींत प्रत्येक उंचवट्यामागें रबराचा स्वतंत्र खुंट दिला, जेणेंकरून एखादा ठिपका किंचित् खोल असला तरी त्याला त्याच्या वांट्याचा दाब मिळावा. वेगळा कनेक्टर म्हणून फितीला कांहींच उरलें नाहीं. फीत हाच कनेक्टर झाला.

याच धर्तीवर एखाद्या होतकरू विद्यार्थ्यानें किंवा लहान कारखानदारानें बोर्डाची साधी जोडणी करावयाची म्हटली, तर ती अशी असेल: बोर्डावर उघड्या सोनेरी पट्ट्या, त्यांवर पालथी ठेवलेली फीत, तिच्यावर सिलिकोन रबराची पट्टी आणि त्यावर धातूची एक लहान फळी, दोन टोंकांना दोन स्क्रू. सोन्याच्या स्पर्शबिंदूला ५० ग्रॅम धरले, तर २० पट्ट्यांना एक किलो दाब लागेल. दोन मिलिमीटर व्यासाच्या स्क्रूस तो कांहींच नव्हे. अडचणी आहेत त्या वेगळ्याच.

पहिली अडचण नेमकेपणाची. एक मिलिमीटर अंतराच्या पट्ट्या ०.६ मिलिमीटर रुंद ठेवल्या, तर फीत ०.४ मिलिमीटर सरकतांच शेजारणीला भिडते. स्क्रूच्या भोंकावर एवढा भरंवसा ठेवतां येत नाहीं. त्यासाठीं दोन बारीक खुंट्या हव्यात, आणि फितीवरील दोन भोंकांपैकीं एक गोल व दुसरें लांबट असावें, म्हणजे फीत थोडी आकसली किंवा ताणली तरी ती सुरकुतणार नाहीं.

दुसरी अडचण फळीची. दोन टोंकांना आवळली कीं ती मध्यें कमानीसारखी वर उचलते आणि मधल्या पट्ट्यांवरचा दाब कमी होतो. हें उचलणें लांबीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतें; एकूण भार तोच राहून फळी दुप्पट लांब झाली तर तें आठपट होतें. उलट फळीची जाडी दुप्पट केली तर तें एक-अष्टमांशावर येतें. बोर्डही वांकतो, म्हणून त्याच्या खालींही एक पट्टी द्यावी. बाकीची विषमता रबर सांवरून घेतें.

आणि तिसरी, जी पहिल्या दिवशीं दिसत नाहीं: काळ. दाबाखालीं वर्षानुवर्षें राहिलेलें रबर हळूहळू तसेंच चपटें होऊन बसतें. प्लॅस्टिकही दाबापुढें नमतें. आज ५० ग्रॅम असलेला दाब दहा वर्षांनीं किती उरेल, याचा विचार प्रथमच केला पाहिजे. साध्या रबराऐवजीं सिलिकोन घ्यावें, फळी धातूची असावी, आणि फळीच्या टोंकांना अशी पायरी ठेवावी कीं स्क्रू कितीही आवळला तरी रबर ठराविक प्रमाणाबाहेर दबूं नये. नवशिका माणूस स्क्रू नेहमीं जास्तच आवळतो; त्याच्या हाताचा जोर पायरीनें थोपवावा. स्वस्ताईसाठीं पट्ट्यांवर कथील चढविण्याचा मोह टाळावा. सोनें म्हटलें कीं खर्चाची भीति वाटते. पण नेहमींच्या बोर्डावर जें सोनें चढवितात तें बहुधा मायक्रॉनच्या विसाव्या ते दहाव्या भागाएवढें असतें. कथलाचा आणखी एक दुर्गुण २००६ च्या जुलैपासून विशेष नजरेस आला. त्या महिन्यांत युरोपीय संघानें विद्युत्उपकरणांतील शिशावर निर्बंध घातले, कथलांत मिसळलेलें शिसें गेलें, आणि दाबाखालच्या शुद्ध कथलांतून केसाहून बारीक धातूचे तंतु उगवून शेजारच्या पट्टीला भिडण्याचे प्रकार फितींच्या जबड्यांत दिसूं लागले.

इतकें असूनही मोठे कारखानदार ही फळी-स्क्रूची जोडणी का करीत नाहींत? कारण उघड आहे. यंत्र तासाला हजारों तुकडे बोर्डावर बसवितें; स्क्रू आवळण्यास मात्र माणूस लागतो, नाहीं तर निराळें यंत्र. शिवाय मोबाईलमध्यें एक मिलिमीटर उंचीचीही चैन परवडत नाहीं. तेथें ही जोडणी शोभणार नाहीं, हें मान्य केलें पाहिजे. परंतु वजनकांटा, शाळेंतील प्रयोगाचें उपकरण, हार्मोनियमच्या जागीं आलेला विजेचा कळफलक, यांच्या पोटांत जागेची टंचाई नसते. तेथेंही तोच नाजूक जबडा बसविला जातो, तो केवळ संवयीनें. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें जुलै २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्काविषयीं एक समिति नेमली, आणि शेतीचीं अवजारें, मोबाईल, घरगुती उपकरणें व वाहनें यांचा त्यांत समावेश केला. सुटे भाग आणि माहितीपुस्तिका मिळाव्यात, हा त्या चर्चेचा रोख योग्यच आहे. पण जी जोडणी वीस वेळांच्या वर उघडतां येत नाहीं, तिच्यापुढें माहितीपुस्तिका काय करणार?

तोंवर ज्यांच्या माळ्यावर अंधुक आंकड्यांचा कॅल्क्युलेटर पडला असेल, त्यांनीं घरांतील एखाद्या हुशार मुलाच्या किंवा मुलीच्या हातीं तो द्यावयास हरकत नाहीं. प्रथम सेल काढावेत. मागचे स्क्रू सोडवावेत, झेब्रा पट्टी व बोर्डाच्या पट्ट्या शुद्ध स्पिरिटनें हलकेच पुसून पूर्ण वाळूं द्याव्यात, पट्टी होती तशीच ठेवावी, आणि स्क्रू एकाच बाजूनें न आवळतां समोरासमोरचे, थोडे-थोडे करून आवळावेत. अनेकदां गेलेले आंकडे परत दिसूं लागतात.