किल्ली कुलपाशेजारी टांगू नये

भिलाई म्हटले की डोळ्यांपुढे प्रथम उभे राहते ते पोलाद. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिली झोतभट्टी कार्यान्वित झाली आणि या नगराचे भाग्य उजळले. आज त्याच परिसरात, कुटेलाभाटा येथे, २०१६ साली स्थापन झालेल्या भिलाई आयआयटीचे संकुल उभे आहे. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय अभियानांतर्गत वित्तीय तंत्रज्ञानाचे केंद्र याच संस्थेकडे सोपविण्यात आले. पोलादाच्या या नगरीत आता मोबाइलवरील पैशांच्या व्यवहारांचाही अभ्यास होतो. अशा व्यवहारांच्या सुरक्षिततेची एक साधी, परंतु वारंवार विसरली जाणारी शिस्त प्रस्तुत लेखात पाहू.

मोबाइल ॲप सर्व कामे एकट्याने करीत नाही. नकाशा दाखविणे, संदेश पाठविणे, रक्कम स्वीकारणे यांसाठी ते इतर संस्थांच्या संगणकांकडे मागणी करते. या मागणीच्या ठरलेल्या मार्गास ‘एपीआय’ म्हणतात. मागणी करणारा कोण, हे ओळखण्यासाठी अक्षरे व अंक यांची एक लांबलचक गुप्त मालिका दिलेली असते. तीच ‘एपीआय की’, म्हणजे किल्ली. ती ज्याच्या हाती पडेल, तो संगणकाच्या दृष्टीने मालकच ठरतो. वापर चोराने केला तरी बिल मालकाच्या नावे येते आणि ग्राहकांची माहिती उघडी पडते ती वेगळीच.

ही किल्ली हरवते कोठे? बहुधा ॲपच्या मूळ लिखाणातच. प्रोग्रॅम लिहिणारे आपले काम ‘गिट’सारख्या प्रणालीत जतन करतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली निर्मिलेली ही प्रणाली बँकेच्या खतावणीसारखी आहे. खतावणीत चुकीची नोंद खोडरबराने पुसत नाहीत. दुरुस्तीची नवी नोंद करतात आणि जुनी तशीच राहते. गिटमध्येही आज किल्ली लिहून उद्या ती ओळ काढून टाकली, तरी कालचे पान शाबूत असते. शिवाय त्या लिखाणाची प्रत घेणाऱ्या प्रत्येकाकडे सहसा हा संपूर्ण इतिहास जातो.

या निष्काळजीपणाची किंमत मोठ्या कंपन्यांनीही मोजली आहे. २०१६ साली उबर कंपनीच्या गिटहबवरील खासगी संग्रहात हल्लेखोरांना किल्ली सापडली आणि सुमारे ५ कोटी ७० लाख प्रवासी व चालकांची माहिती त्यांच्या हाती लागली. संग्रह ‘खासगी’ असल्याने किल्ली सुरक्षित राहत नाही, हा त्यातील धडा. टोयोटाच्या एका सेवेची किल्ली तर डिसेंबर २०१७ पासून सप्टेंबर २०२२ पर्यंत गिटहबवर सार्वजनिक लिखाणात पडून होती; २,९६,०१९ ग्राहकांचे ई-मेल पत्ते त्यामुळे धोक्यात आले.

लिखाण कुलुपबंद ठेवले, तरी काम संपत नाही. तयार झालेले ॲप प्रत्येक ग्राहकाच्या फोनमध्ये जाते आणि जाणकार मनुष्य ते उलगडून आतील मजकूर वाचू शकतो. क्लाउडसेक या सुरक्षा संस्थेला २०२२ साली ३,२०७ ॲपमधून ट्विटरच्या वैध किल्ल्या उघड होत असल्याचे आढळले होते.

उपाय आपल्या लॉकरच्या खोलीत पाहावयास मिळतो. ग्राहक आपली ओळख पटवितो, बँकेची किल्ली मात्र अधिकाऱ्याच्याच हाती राहते. त्याचप्रमाणे गुप्त किल्ली ॲपमध्ये न ठेवता संस्थेच्या सर्व्हरवर, शक्यतो किल्ल्यांच्या खास तिजोरीत ठेवावी. ॲपने सर्व्हरला विनंती करावी आणि सर्व्हरने पडताळणी करूनच किल्ली वापरावी. नकाशासारखी एखादी किल्ली ॲपमध्ये ठेवणे अपरिहार्यच असेल, तर ती त्याच ॲपपुरती व ठरावीक मर्यादेपर्यंतच चालेल, अशी बंधने घालावीत. विकासकाच्या संगणकावरील किल्ल्यांची फाइल गिटच्या वगळण्याच्या यादीत पहिल्या दिवशीच नोंदवावी. लिखाण जतन होण्यापूर्वी त्यात किल्ली आहे का, हे तपासणारी साधनेही उपलब्ध आहेत. गिटहबने २०२४ पासून सार्वजनिक संग्रहांसाठी असा अटकाव आपणहून लागू केला आहे.

एवढे करूनही किल्ली बाहेर गेलीच, तर आधी ती रद्द करून नवी घ्यावी. जुनी पाने साफ करणे त्यानंतरचे काम. घराची किल्ली हरवल्यावर शहाणा माणूस प्रथम कुलूप बदलतो.

ग्राहक बंधुभगिनींनो, हा विषय केवळ अभियंत्यांचा नाही. सिव्हिक सेंटरमधील एखादा दुकानदार किंवा एखादे मंडळ आज स्वतःचे ॲप करून घेते. करून देणाऱ्यास मोबदला देण्यापूर्वी दोनच प्रश्न विचारावेत: ‘किल्ल्या कोठे ठेवल्या आहेत? आणि त्या बदलावयाच्या झाल्यास किती वेळ लागेल?’ उत्तर तत्काळ व स्पष्ट मिळाले, तरच ॲप ताब्यात घ्यावे. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा; येथे तर पुढच्यांच्या ठेचा साऱ्या जगाने पाहिल्या आहेत.