निरोगी गर्भावस्थेतील रक्तमेदांचे बदल : स्वरूप, कारणे व अन्वयार्थ

प्रस्तावना :
रक्तातील कोलेस्टेरॉलची वाढ ही सामान्यतः हृदयविकाराच्या धोक्याची सूचना मानली जाते. गर्भावस्था मात्र यास अपवाद आहे. या काळात निरोगी स्त्रीच्या रक्तातील मेदघटकही लक्षणीय प्रमाणात वाढतात. प्रयोगशाळेच्या अहवालावर छापलेल्या मर्यादा बहुधा गर्भवती नसलेल्या प्रौढांसाठी असतात. त्यामुळे स्वाभाविक वाढ हाच आजार समजला जाण्याची शक्यता निर्माण होते.

बदलांचे स्वरूप :
गर्भधारणेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइड यांची पातळी किंचित उतरते आणि त्यानंतर सातत्याने वाढत जाते. अखेरच्या तिमाहीत एकूण कोलेस्टेरॉल मूळ पातळीपेक्षा साधारणतः २५ ते ५० टक्क्यांनी अधिक असते, तर ट्रायग्लिसराइड दोन ते चार पट होतात. एलडीएल कोलेस्टेरॉलही वाढते. एचडीएल गर्भावस्थेच्या मध्यावर सर्वाधिक असून नंतर थोडे कमी होते. म्हणजेच पूर्वी १८० मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटर असलेले कोलेस्टेरॉल नवव्या महिन्यात २५० झाले, तरी ती वाढ स्वाभाविक कक्षेतच राहते.

कारणमीमांसा :
गर्भावस्थेच्या पहिल्या दोन-तृतीयांश काळात मातेच्या शरीरात मेदाचा संचय होतो. अखेरच्या टप्प्यात वारेतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो व साठवलेला मेद विघटित होऊन मेदाम्ले यकृताकडे जातात. इस्ट्रोजेनच्या प्रभावाने यकृत त्यांपासून ट्रायग्लिसराइडयुक्त कण अधिक प्रमाणात तयार करते. त्याच वेळी रक्तातील मेदाचे विघटन करणाऱ्या विकरांची क्रियाशीलता घटते. निर्मिती वाढणे व निचरा मंदावणे या दोहोंचा हा एकत्रित परिणाम होय.

वाढीचे प्रयोजन :
गर्भावस्था टिकवून ठेवणारे प्रोजेस्टेरॉन तयार करण्यासाठी वार मुख्यतः मातेच्या एलडीएलमधील कोलेस्टेरॉल वापरते. ट्रायग्लिसराइड वारेतून जसेच्या तसे पलीकडे जात नाहीत. तेथील विकर त्यांतील मेदाम्ले सुटी करतात व ती गर्भास मिळतात. डीएचएसारखी मेदाम्ले गर्भाच्या मेंदूच्या वाढीस आवश्यक असतात. शिवाय उपाशी अवस्थेत माता ऊर्जेसाठी मेदावर अधिक विसंबते, त्यामुळे ग्लुकोज गर्भासाठी शिल्लक राहते. प्रसूतीच्या सुमारास स्तनग्रंथी रक्तातील ट्रायग्लिसराइड शोषून दुधातील मेद तयार करू लागतात.

अहवालाचा अन्वयार्थ :
केवळ वाढलेला आकडा पाहून गर्भवतीने आहारातील तेल-तूप वर्ज्य करणे उचित नाही. मूळ पातळी जाणून घ्यावयाची असल्यास प्रसूतीनंतर किमान सहा आठवड्यांनी तपासणी करणे अधिक योग्य ठरते. ट्रायग्लिसराइड लवकर उतरतात. कोलेस्टेरॉलला अधिक वेळ लागतो. तथापि प्रत्येक वाढ निर्धोक नसते. ट्रायग्लिसराइड ५०० मि.ग्रॅ.च्या पुढे गेल्यास कारणाचा शोध घ्यावा लागतो. १००० च्या वर स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाचा धोका संभवतो व तो माता आणि गर्भ या दोघांनाही घातक ठरू शकतो. मधुमेह किंवा आनुवंशिक मेदविकार असलेल्या स्त्रियांवर म्हणूनच वैद्यकीय देखरेख आवश्यक असते.

समारोप :
गर्भावस्थेतील रक्तमेदांची वाढ ही मुख्यतः शरीराची पोषणव्यवस्था आहे. आकड्याचा अर्थ गर्भावस्थेचा टप्पा, पूर्वीची पातळी व वाढीचे प्रमाण यांच्या संदर्भातच लावला पाहिजे. असे केल्यास अनावश्यक भीती टळते आणि खरा धोकाही वेळीच ओळखता येतो.