कंधार : तळें, किल्ला आणि तांबडे बैल

कंधार म्हटलें, कीं शहरांतील बहुतेक श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें अफगाणिस्तान उभें राहतें. पण त्याच नांवाचें एक गांव नांदेडच्या दक्षिणेस, सुमारें 50 किलोमीटरांवर, मन्याड नदीच्या खोऱ्यांत वसलेलें आहे. आज तें तालुक्याचें साधें ठिकाण; एके काळीं मात्र दक्षिणेंतील एका प्रबळ राजघराण्याशीं त्याचा निकट संबंध होता.

तें घराणें राष्ट्रकूटांचें. आपण मूळचे लट्टलूरचे, असें हे राजे अभिमानानें सांगत. आणि लट्टलूर म्हणजेच आजचें लातूर, असें बहुतेक संशोधक मानतात. त्यांतील तिसरा कृष्ण इ.स. 939 पासून 967 पर्यंत गादीवर होता. कंधारचा किल्ला मूळ त्याच्याच काळचा, असें सांगतात. येथें मिळालेल्या तत्कालीन संस्कृत शिलालेखांत ‘जगत्तुंगसमुद्र’ नांवाच्या तलावाचा उल्लेख आहे. तळ्याला समुद्र म्हणणें कोंकणांतील माणसाला हास्यास्पद वाटेल. परंतु चार महिन्यांच्या पावसावर सारें वर्ष काढणाऱ्या मुलखांत ही पदवी मुळींच अतिशयोक्तीची नाहीं.

राजवैभव टिकलें नाहीं. क्षेत्रपालाची एक प्रचंड मूर्ति येथें होती; तिचे भग्न अवयव तेवढे सांपडले. त्यांवरून ती अनेक पुरुष उंच असावी, असा तर्क होतो. भुईकोट किल्ला हातोहात फिरला. 1631 सालीं मोगलांनीं तो निजामशाहीकडून जिंकला. पुढें तो हैदराबादच्या निजामाकडे गेला आणि सप्टेंबर 1948 मध्यें त्या राज्याचा अंमल संपला. खंदक, तट, बुरूज, आंतील मशीद आणि जुन्या मूर्ति पाहतांना अनेक राजवटींचे थर एकावर एक रचलेले दिसतात. गांवांतील हाजी सय्याह सरवर मगदूम यांच्या दर्ग्यास सर्व धर्मांचे लोक जातात.

परंतु या भूमीची खरी कीर्ति ज्यानें देशभर नेली, तो कोणी राजा नव्हे, तर बैल होय. ‘लाल कंधारी’ ही गोवंशाची जात याच परिसरांतील. गर्द तांबडा रंग, रुंद कपाळ, मध्यम बांधा आणि कडक उन्हांत ओढकाम करण्याची चिकाटी, हीं तिचीं लक्षणें. काळ्या, चिकट जमिनींत नांगर ओढावयास असाच बैल हवा. मार्गशीर्षांत शेजारच्या लोहा तालुक्यांतील माळेगांवीं खंडोबाची यात्रा भरते, तेव्हां तेथील जनावरांच्या बाजारांत हे बैल पाहावयास मिळतात.

आतां शेतांत ट्रॅक्टर आला. बैलजोडी बाळगणें परवडत नाहीं. शिवाय ही गाय संकरित गायीइतकें दूध देत नाहीं. शेतकऱ्याचा हिशेब चुकीचा म्हणतां येणार नाहीं. मात्र एक भेद ध्यानांत ठेवावयास हवा. ढासळलेला तट पुन्हां बांधतां येतो, गाळानें भरलेलें तळें उपसतां येतें. पण शेंकडों वर्षांच्या निवडीनें घडलेली जात एकदां नाहींशी झाली, कीं ती कोणत्याही कारागिराला पुन्हां घडवितां येत नाहीं.

म्हणून कंधारास जाणाऱ्यानें किल्ला अवश्य पाहावा. परंतु परततांना एखाद्या गोठ्यापाशींही क्षणभर थांबावें. तेथें उभा असलेला इतिहास अद्याप श्वास घेत आहे.