तांड्याचा परवाना

पुसद तालुक्यातल्या एका तांड्यावरचा मुलगा पुण्याच्या कंपनीचे काम लॅपटॉपवर करतो. गेल्या उन्हाळ्यात मला म्हणाला, "काका, हेच काम थायलंडमध्ये बसून केलं तर? तिकडं डिजिटल नोमॅड म्हणतात." नोमॅड म्हणजे भटक्या. आमच्या जिल्ह्यात हा शब्द जातीच्या दाखल्यांशी जोडलेला. तो कोणी हौसेने स्वतःला लावून घेतो याचे नवल वाटले आणि मी नियम वाचायला बसलो.

थायलंडने जुलै २०२४ मध्ये 'डेस्टिनेशन थायलंड व्हिसा' सुरू केला. मुदत पाच वर्षे, एका खेपेला १८० दिवसांपर्यंत मुक्काम. वय किमान वीस, खात्यावर पाच लाख बाट, म्हणजे तेरा लाख रुपयांच्या वर. जपानने त्याच वर्षी सहा महिन्यांची अशीच सोय काढली. तिथे वार्षिक उत्पन्न एक कोटी येन हवे. मूळ अट दोन्हीकडे एकच. पगार बाहेरून यावा, खर्च इथे व्हावा, स्थानिक माणसाची नोकरी घेऊ नये.

व्हिसा मिळाला म्हणजे कराचा प्रश्न मिटला असे नाही. कॅलेंडर वर्षात १८० दिवस भरले की थायलंड तुम्हाला करापुरते आपला रहिवासी धरतो आणि बाहेरून आणलेल्या उत्पन्नावर कर मागू शकतो. आपल्याकडचा मुख्य हिशेब १८२ दिवसांचा, पण एप्रिल ते मार्च. दोन्ही देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, तरी कागद आपणच जपायचे. शिवाय कंपनीची लेखी परवानगी हवी. माहितीची सुरक्षितता आणि परदेशात अंगावर येणारा कर या भीतीने पुष्कळ कंपन्या ती देत नाहीत. वेळेची मात्र अडचण नाही. इथले दहा म्हणजे तिथले साडेअकरा.

हे वाचताना मला लमाणांचा ताम्रपट आठवला. वऱ्हाड पोलिसांतले अधिकारी कंबरलेज यांनी एकोणिसाव्या शतकात बंजाऱ्यांवर टिपण लिहिले. त्यातली ही परंपरागत हकिकत. शहाजहानच्या फौजेसाठी आसफखान दख्खनेत आला तेव्हा भंगी आणि जंगी या नाईकांचे हजारो बैल धान्य वाहत होते. बैल थांबले तर फौज उपाशी. म्हणून त्यांना तांब्याच्या पत्र्यावर सोनेरी अक्षरांत सनद दिली, असे सांगतात: वाटेतल्या गावात रांजणातले पाणी आणि छपराचे गवत घेण्याची मुभा. ताम्रपट खरा की दंतकथा हा वाद बाजूला ठेवू. गरज आहे तोवर भटकण्याला मान, हा व्यवहार त्यात स्वच्छ दिसतो. रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली आणि बैलांच्या पाठीवरचा व्यापार बसत गेला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर अनेक फिरस्त्या जमातींना पोलिसांत हजेरी लावायला भाग पाडले. तो शिक्का पुसायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावे लागले. बंजारा आज महाराष्ट्रात विमुक्त जाती (अ) मध्ये आहेत. ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्या टोळ्यांनाही बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरावे लागते, पण त्यांच्यासाठी कोणी सनद काढलेली नाही.

त्या मुलाला एक गोष्ट मी दोनदा सांगितली. खरा नोमॅड काम सोबत नेतो. "थायलंडला या, काम आम्ही देतो," असे कोणी म्हटले तर ती वेगळीच वाट असू शकते. अशाच आमिषाला भुललेल्या तरुणांना मोई नदीपलीकडे म्यानमारमध्ये नेऊन सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर राबवले गेले. १० मार्च २०२५ रोजी २८३ भारतीयांना थायलंडच्या माए सोतहून हवाई दलाच्या विमानाने परत आणावे लागले. बोलावणाऱ्याने पासपोर्ट मागितला की तिथेच थांबायचे, दूतावासाला विचारायचे.

त्याने कंपनीला विचारले आहे, उत्तर यायचे आहे. बँकेतली रक्कमही अजून कमी पडते. सध्या तो पुसदला भाड्याच्या खोलीत बसून काम करतो, कारण तांड्यावर रेंज येत नाही.