आशा पुथली : एका स्थलांतरित गायिकेची सांगीतिक वाटचाल

प्रस्तावना :
भारतीय संगीताच्या इतिहासलेखनात शास्त्रीय, नाट्य व चित्रपटसंगीताची विपुल नोंद आढळते. तथापि १९६० च्या दशकात मुंबईत रुजलेल्या जॅझ, बीट व रॉक संगीताला तुलनेने अल्प स्थान मिळाले. या प्रवाहातून परदेशी गेलेल्या कलावंतांच्या वाट्याला तर दुहेरी उपेक्षा आली. आशा पुथली हे त्याचे ठळक उदाहरण होय. प्रस्तुत लेखात त्यांच्या वाटचालीचा संक्षिप्त आढावा घेतला आहे.

जडणघडण :
मुंबईत १९४५ मध्ये जन्मलेल्या पुथली यांनी हिंदुस्थानी गायनाबरोबरच ऑपेरा गायनाचेही शिक्षण घेतले. 'द सर्फर्स' या बीट वाद्यवृंदासह त्यांचे गायन ध्वनिमुद्रित झाले. वेद मेहता यांच्या 'पोर्ट्रेट ऑफ इंडिया' (१९७०) या ग्रंथात त्यांचे चित्रण आले. पुढे त्या न्यूयॉर्कला गेल्या. तेथे निर्माते जॉन हॅमंड यांचे लक्ष त्यांच्याकडे वेधले गेले.

परदेशातील कार्य :
पीटर आयव्हर्स यांच्या ब्लूज-रॉक वाद्यवृंदासह गायल्यानंतर १९७१ मध्ये त्यांनी ऑर्नेट कोलमन यांच्या 'सायन्स फिक्शन' या संग्रहासाठी दोन गीते गायली. कोलमन यांच्या मुक्त जॅझमध्ये गायकाला आधार देणारी ठरावीक कॉर्ड-योजना नसते. सुराचे स्थान स्वतःच्या कानाने सांभाळावे लागते. रागसंगीतातही कॉर्डचा आधार नसतो. त्यामुळे मुंबईतील तालीम येथे उपयोगी ठरली, असे म्हणता येते. पुढे सीबीएसने युरोपमध्ये त्यांचा पहिला स्वतंत्र संग्रह (१९७३) काढला. त्यात जॉर्ज हॅरिसन व जे. जे. केल या रॉक गीतकारांच्या रचनांचा समावेश होता. 'द डेव्हिल इज लूज' (१९७६) मधील 'स्पेस टॉक' हे गीत न्यूयॉर्कच्या नृत्यगृहांत गाजले.

मूल्यमापन :
जॅझ, रॉक, सोल व डिस्को या साऱ्या प्रकारांत संचार केल्याने त्या कोणत्याही एका कप्प्यात बसल्या नाहीत. हे त्यांचे सामर्थ्य होते आणि विस्मरणाचे कारणही. पुढील पिढीच्या हिप-हॉप कलावंतांनी त्यांच्या ध्वनिमुद्रणांचे अंश वापरले. २०२२ मध्ये त्यांच्या निवडक गीतांचा संग्रहही निघाला. त्यांचा आवाज अशा रीतीने नव्या श्रोत्यांपर्यंत पोहोचला. परंतु तो कोणाचा, हे पुष्कळांना ठाऊक नव्हते.

निष्कर्ष :
कलावंताने देश सोडला म्हणून त्याची जडणघडण त्या भूमीपासून तुटत नाही. मुंबईच्या सांस्कृतिक इतिहासात पुथली यांच्यासारख्या कलावंतांची नोंद झाल्याशिवाय तो इतिहास अपुराच राहील.